पडद्यामागून नाही

लोक नंतर येणाऱ्या मोठ्या नावाला बघायला आलेत, आपल्याला नाही, हे तिला कोणी सांगायची गरज नव्हती. ती स्टेजवर यायची तेव्हा निम्म्या खुर्च्या अजून सरकत असायच्या. कोणी कोट काढून पाठीशी अडकवत असे, कोणी ग्लास कुठे ठेवावा ते शोधत असे, कोणी शेजारणीला ‘ही कोण?’ म्हणून विचारत असे. त्या गडबडीत ती माईकसमोर उभी राहून म्हणायची, “घाबरू नका. तुम्ही ज्यांच्यासाठी तिकीट काढलंय ते आत केस विंचरताहेत. मी फक्त खुर्च्या गरम करायला आलेय.”

क्लब एका फर्निचरच्या दुकानाखालच्या तळघरात होता. छत इतकं खाली की उंच माणसाने हात वर करून टाळ्या वाजवल्या तर दिव्याला लागतील. काळ्या भिंती, गुडघ्याएवढ्या उंचीचा लाकडी चौथरा म्हणजे स्टेज, आणि मागे जाड मरून पडदा. टीव्हीवर, सिनेमात नाव कमावलेली माणसं आपले नवे विनोद आधी इथे करून बघत. विनोद पडला तर शंभरेक माणसांसमोर पडे, बाहेर बोभाटा होत नसे. या मोठ्या लोकांच्या आधी सलामीला जायचं काम तिच्याकडे होतं.

क्लबात सगळे तिला घोषणाबाई म्हणत, कारण आधी ती बस डेपोत घोषणा करायची. काचेच्या खोलीत बसून कुठली गाडी कुठल्या फलाटावर लागली, कुठली उशिरा येणार, हे सांगायची. आवाज सगळ्यांच्या ओळखीचा, चेहरा कोणाच्याच नाही. मग एका सकाळी चूळ भरताना पाणी तोंडाच्या उजव्या कोपऱ्यातून आपसूक खाली ओघळलं. आरशात बघितलं तर उजवा गाल झोपलेला. डॉक्टर म्हणाले, चेहऱ्याची नस सुजलीय, बहुतेकांचं आपोआप बरं होतं. तिचं झालं नाही. भुवई, गाल, ओठाचा कोपरा, सगळं जिथे थांबलं तिथेच राहिलं. उजवा डोळा मिटेना, झोपताना त्यावर पट्टी चिकटवावी लागे. आणि ओठ नीट जुळेनात म्हणून ‘प’, ‘फ’, ‘ब’, ‘म’ निसटायला लागले. जिला दिवसभर ‘फलाट’ म्हणायचंय ती ‘हलाट’ म्हणायला लागली तर डेपो काय करणार? त्यांनी तिला हरवलेल्या सामानाच्या खिडकीवर बसवलं.

तिथेच ती विनोद करायला लागली. छत्री, डबा, चष्मा हरवलेली माणसं वैतागून यायची, आणि तिच्याकडे बघून चटकन नजर खाली घालायची. ती म्हणायची, “माझा पण अर्धा चेहरा हरवलाय, रोज कपाटं धुंडाळते. त्यापेक्षा तुमची छत्री सापडायची शक्यता जास्त आहे.” माणूस आधी दचकायचा, मग हसायचा. एकदा क्लबचा मालक माईकची पेटी बसमध्ये विसरला म्हणून खिडकीशी आला. पेटी मिळाल्यावरही हलला नाही. मागे रांग लागली तरी ऐकत उभा राहिला आणि जाताना म्हणाला, “बाई, हे सगळं माझ्याकडे येऊन म्हणाल का?”

तिने ते गंमत म्हणून घेतलं नाही. भांडी घासताना, जिना चढताना ती ‘पंप, बंब, बाप, माफी’ घोकायची. माईक धरलेल्या हाताचा अंगठा ओठाच्या कोपऱ्याला लावून तो वर दाबायचा, म्हणजे ‘फ’ नीट येतो, हे तिने स्वतः शोधून काढलं. बघणाऱ्याला वाटायचं, ती नुसती माईकला टेकलीय. वर्षभरात तिच्या दहा-बारा मिनिटांत एक शब्द जास्तीचा उरला नाही.

“आमच्या सासूबाई लग्न झाल्यापासून म्हणायच्या, सुनेचं सदा तोंड वाकडं. म्हटलं, एकदाच काय ते करून टाकू, रोज रोज कोण कष्ट घेणार?” इथे पहिला हशा यायचा. मग शोकसभेची गोष्ट. “सगळे म्हणाले, दोन मिनिटं डोळे मिटून उभे राहा. मी मिटले. माझा एकच मिटतो. समोर ज्यांची बायको गेली ते गृहस्थ. त्यांना वाटलं मी डोळा मारला. आणि तो पण उघडायचं नाव नाही, दोन मिनिटं!”

इथपर्यंत आलं की तळघर तापलेलं असायचं. मोठी माणसं तयार जागेवर येऊन उभी राहायची. काही जण जाता जाता तिच्या पाठीवर थाप मारायचे, काहींना ती दिसायचीच नाही. तिचं काही अडत नव्हतं.

मग तो गाजलेला नट आला. त्याला नवा एकपात्री कार्यक्रम बसवायचा होता आणि शेवटी त्याचं रेकॉर्डिंग याच तळघरात करायचं होतं. काही महिने तो दर आठवड्याला आला. सगळे त्याला ‘सर’ म्हणत. माणूस सौजन्याचा होता. तिला ‘बाई, डोळा कसा आहे?’ म्हणून विचारायचा, आतल्या खोलीतली धड खुर्ची तिला द्यायचा. तो स्टेजवर आला की बोलायच्या आधीच टाळ्या पडायच्या. त्या थांबेपर्यंत मागे तिचा चहा पिऊन व्हायचा. टाळ्यांनंतर मात्र त्याला कष्ट पडत. पहिली काही मिनिटं लोक त्याच्याकडे कौतुकाने बघत राहायचे आणि हसायचं विसरून जायचे.

रेकॉर्डिंगच्या आठवडाभर आधी त्याचा मॅनेजर आला. दोन्ही हातांत दोन फोन, बोलणं मात्र लोण्यासारखं.

“मॅडम, त्या दिवशी सलामी तुमचीच. फक्त एक छोटासा बदल. तुम्ही पडद्यामागून बोलायचं.”

“म्हणजे?”

“आवाज तुमचा. काय आवाज आहे हो! लोक हसतील, त्यांचे हसरे चेहरे आम्ही टिपू. तुम्हाला पुढे यायचा त्रास नको.”

“माझे विनोद माझ्या तोंडावर आहेत. तोंडच दिसलं नाही तर लोक हसतील कशाला?”

“मग दुसरे करा. हवा, रस्ते, नवरा...”

“नवऱ्यात हसण्यासारखं काही नाही. ते बस चालवतात.”

मॅनेजर हसला, मग गंभीर झाला. “समजून घ्या ना मॅडम. घरी बसून बघणाऱ्याला पहिलंच दृश्य जरा... जड जातं. चॅनेलचं म्हणणं आहे.”

ती मालकाकडे वळली. मालक वाकून एका खुर्चीच्या पायाखालचं रबर तपासत होता.

“तुमचं काय म्हणणं?”

“बाई, क्लबचं नाव होईल हो,” तो खालूनच म्हणाला. “एका दिवसाचा तर प्रश्न आहे.”

“पडद्यामागून नाही,” ती म्हणाली.

“विचार करा,” मॅनेजर म्हणाला. “माईक आणि स्टूल आम्ही मागे ठेवतो. तुम्ही नाही बसलात तर सर थेट सुरू करतील.”

घरी तिने जेवताना सांगितलं. नवरा ऐकत राहिला. सासूबाईंचा चेहरा उतरला. सगळ्या शेजाऱ्यांना सांगून झालं होतं की सूनबाई टीव्हीवर येणार.

“आवाज तर येईल ना?” सासूबाई म्हणाल्या. “तुझा आवाज लोक ओळखतात.”

“आई, मी काचेच्या खोलीत आवाज होऊन इतकी वर्षं काढली. तेव्हा चेहरा सरळ होता, तो कोणी पाहिला नाही. आता वाकडा झाला तर म्हणतात झाका. मग तो बघायचा कधी?”

नवऱ्याने पाण्याचं भांडं तिच्याकडे सरकवलं. “तुला काय करायचंय?” त्याने विचारलं.

“पुढून जायचंय.”

“मग जा. ते काय, फार तर उतर म्हणतील.”

सासूबाई ताटातलं चिवडत बसल्या होत्या. एकदम म्हणाल्या, “तू तिथे माझ्यावर एवढं बोलतेस. लोक खिदळतात. मी कधी तोंड लपवलं? पहिल्या रांगेत बसते. माझी खुर्ची धरून ठेवायला सांग.”

रेकॉर्डिंग रविवारी दुपारी होतं. तळघरात ओळखू न येण्याइतका उजेड होता. खुर्च्यांच्या मधून जाड केबल गेल्या होत्या, तीन कॅमेरे लागले होते. पडद्यामागे खरंच एक स्टूल होतं आणि त्यासमोर स्टँडवर माईक. स्टुलावर कोणीतरी मऊ उशीसुद्धा ठेवली होती. त्या उशीचा तिला सगळ्यात जास्त राग आला.

ती आतल्या खोलीत गेली. मोडक्या टेबलांच्या आणि उलट्या ठेवलेल्या खुर्च्यांच्या गर्दीत नट आरशासमोर बसला होता. रंग लावणारी मुलगी त्याच्या कपाळावरचा घाम टिपत होती. मुलगी बाहेर गेल्यावर घोषणाबाईंनी दार लोटलं.

“तुम्हाला माहीत होतं?”

“चॅनेलचं...” त्याने सुरुवात केली.

“चॅनेलचं मला सांगून झालं. तुमचं विचारतेय.”

त्याने खुर्ची वळवली. “खरं सांगू? तुमच्यानंतर मी येतो तेव्हा माझी पहिली पाच-सहा मिनिटं बुडतात. मी इथल्या प्रयोगांची चित्रफीत बघितलीय. तुमच्या बाबतीत काहीतरी घडलंय, बाई. लोक त्याला हसतात, टाळ्या देतात. माझ्या बाबतीत आयुष्यात काही घडलेलंच नाही. मी कशावर बोलू?”

क्षणभर तिला त्याची कीव आली. पण क्षणभरच.

“माझ्या बाबतीत घडलं म्हणून लोक हसतात?” ती म्हणाली. “सर, जेव्हा घडलं तेव्हा कोणीच हसलं नव्हतं. माझ्या खिडकीशी माणसं नजर चोरायची. हसतात ते मी एक एक वाक्य वर्षभर घासलंय म्हणून. एक ‘फ’ जागेवर यावा म्हणून मी किती जिने चढले ते तुम्हाला माहीत नाही. ते नशिबाच्या खात्यात नका टाकू.”

“आजचा दिवस पडद्यामागून करा. पुढच्या वेळी मी स्वतः तुम्हाला पुढे...”

“मी आत्ता पुढे जातेय. थांबवायचं असेल तर तुम्ही उठा आणि थांबवा. मॅनेजरला पाठवू नका.”

नट उठला नाही. ती बाहेर आली, स्टँडवरचा माईक काढून घेतला आणि पडदा बाजूला करून उजेडात गेली.

“घाबरू नका,” तिने म्हटलं, “तुम्ही ज्यांच्यासाठी...” आणि माईक गेला.

तिने बोटाने टकटक केलं. काहीच नाही. मागच्या कोपऱ्यात आवाजाच्या टेबलाशी मालक बसला होता, त्याच्या खांद्याशी मॅनेजर वाकला होता. मालक खाली बटणांकडे बघत होता. एकामागून एक तिन्ही कॅमेऱ्यांवरचे लाल ठिपके विझले.

तिने माईक चौथऱ्यावर ठेवून दिला. माईकशिवाय तिचं बोलणं पूर्वीसारखं राहत नव्हतं. ओठांच्या सैल कोपऱ्यातून हवा निसटायची आणि शब्दातली ताकद घेऊन जायची. भरल्या खोलीशी ती कधी माईकशिवाय बोलली नव्हती. पहिलं वाक्य जेमतेम तिसऱ्या रांगेपर्यंत पोचलं.

“ऐकू येत नाही!” मागून कोणीतरी ओरडलं.

पहिल्या रांगेत सासूबाई खुर्चीसकट मागे वळल्या. “मग गप्प बसा! मला येतंय ऐकू, माझं वय बघा!”

तळघर फुटलं. इतका मोठा हशा तिथे नटाच्या विनोदांवरही कधी झाला नव्हता. ती वाट बघत उभी राहिली. हशा उतरायच्या बेताला आला तसं ती म्हणाली, “या माझ्या सासूबाई. इतक्या वर्षांत आज पहिल्यांदा माझ्या बाजूने बोलल्या. आणि नेमकं रेकॉर्डिंग बंद आहे. नाहीतर माझ्याकडे पुरावा राहिला असता.”

आता लोक खरोखर गप्प झाले. मागची माणसं उठून मधल्या वाटेत, केबलवर पाय सांभाळत येऊन उभी राहिली. पुढचे खुर्चीच्या कडेवर आले. ज्या खोलीत ती रोज गोंगाटावर मात करून बोलायची, ती खोली तिच्याकडे वाकली होती. तिने बोट उघडपणे ओठाच्या कोपऱ्याला लावलं.

“हे बघा. ‘प’ पाहिजे असेल तर इथे दाबायचं. ‘फ’साठी जरा वर. घरी टीव्हीचा रिमोट असतो ना, तसं.” तिने दाबून ‘फलाट’ म्हटलं, बोट काढून ‘हलाट’ म्हटलं. लोक हसले. तिने सासूबाईंचं सांगितलं, शोकसभेचं सांगितलं. आणि मग, कधी न केलेलं बोलली.

“पडद्यामागे माझ्यासाठी स्टूल ठेवलंय. उशी पण आहे, हौशी लोक आहेत. म्हणाले, बाई तिथून बोला, लोकांना चेहरा जड जातो. जड जातोय का तुम्हाला?”

“नाही!” सगळीकडून आवाज आला.

“खोटं बोलू नका. सकाळी मलाही जड जातो. तरी मी त्याच्यासमोर उभी राहून दात घासते. तुम्हाला तर नुसतं बसायचंय.”

टाळ्या पडल्या, त्याही आधी हशा पडला, आणि तिला तोच क्रम हवा होता. “आता खुर्च्या गरम आहेत,” ती म्हणाली. “ज्यांना बघायला आलात त्यांना बघा. मी मागे भिंतीशी उभी राहून बघणार आहे. पडद्यामागून नाही.”

ती मधल्या वाटेने चालत गेली. लोकांनी पाय आवरून जागा दिली. मॅनेजर तिच्याकडे बघत नव्हता, फोनमध्ये काहीतरी जोरजोरात टाईप करत होता.

कॅमेरे लागले. नट आला, टाळ्या पडल्या. माणूस कसलेला, तो डगमगला नाही. दोन वाक्यं बोलला आणि मग मागच्या भिंतीकडे हात करून म्हणाला, “बाईंनी इतकं हसवलं, इतकं हसवलं की माझंही तोंड... वाकडं झालं!”

लोक हसले. सगळे नाही, पण हसले. पहिल्या रांगेतली एक खुर्ची जोरात करकरली. भिंतीशी उभ्या असलेल्या तिच्या कानशिलात रक्त चढलं. राग तर होताच. त्याहून जास्त राग आला तो त्याने ‘वाकडं’च्या आधी थांबा घेतला याचा. थांबायला नको होतं. सरळ बोलून टाकायचं, मग थांबायचं. लोकांना स्वतःहून पोचू द्यायचं. तिचीच वस्तू उचलली आणि तीही उलटी धरली.

तरी ती शेवटपर्यंत थांबली. दोन ठिकाणी तो खरंच चांगला होता. बापाच्या चालण्याची नक्कल करताना तर ती स्वतः हसली. बाकीचं भरताड होतं. घडलेलं नसलं तरी माणसाने बघितलेलं असतं की, असं तिला वाटलं.

संपल्यावर मालक जिन्याशी आला. “संध्याकाळच्या खेळाला नका येऊ, बाई.”

“माईक तुम्ही बंद केलात?”

“हो. मीच.”

“बरं झालं, तोंडावर सांगितलंत. मी विसरणार नाही.”

कार्यक्रम टीव्हीवर आला तेव्हा तिघं घरी बसून बघत होती. तिचा त्यात केसही नव्हता. पण तो विनोद ठेवला होता. ‘बाईंनी इतकं हसवलं’, नट म्हणाला, आणि देशभरच्या लोकांना कळलं नसणार की कोण बाई आणि कशाने तोंड वाकडं. सासूबाईंनी उठून टीव्ही बंद केला. नवरा, जो तिच्या विनोदांवर कधी चकार शब्द काढत नसे, म्हणाला, “तू जास्त चांगला केला असतास.”

“तो माझाच आहे,” ती म्हणाली.

त्यानंतर तिला बोलावणं आलं नाही. मोठ्या लोकांचे मॅनेजर एकमेकांशी बोलतात. बाई अवघड आहे, असं झालं होतं. ती खिडकीवर जात राहिली, छत्र्या देत राहिली. खिडकीशी येणाऱ्यांपैकी काही त्या रविवारी तळघरात होते. एका म्हातारबाबांचं काहीच हरवलेलं नव्हतं. ते नुसते सांगायला आले होते की सासूबाईंना नमस्कार सांगा.

सांगावा येत नाही म्हटल्यावर एक दिवस तीच क्लबात गेली. मालक खुर्च्या पुसत होता. तिला बघून हातातलं फडकं घेऊन तसाच उभा राहिला.

“मंगळवारी माझी सुट्टी असते. तुमच्याकडे मंगळवारी दुपारी कुलूप असतं,” ती म्हणाली. “मला एक तास द्या.”

“एक तास? बाई, तुमचे दहा-बारा मिनिटांचे...”

“बाकीचे मी करीन.”

त्याने फडकं खांद्यावर टाकलं. त्या दिवसाबद्दल तो काही बोलेल असं तिला वाटलं, पण त्याला ते जमलं नाही. शेवटी धंद्याच्या सवयीने त्याने विचारलं, “मग तुमच्यानंतर कोणाला ठेवू?”

“कोणाला नाही. मी संपले की लोकांनी घरी जायचं. आणि माईकच्या बटणावर माझा नवरा बसेल.”

मंगळवारी निम्म्याहून जास्त खुर्च्या रिकाम्या होत्या. आलेल्यांत ड्रायव्हर-कंडक्टर बरेच, काही खिडकीवरचे, आणि सासूबाईंनी गोळा करून आणलेल्या शेजारणी. सुरुवात चांगली झाली. शेवटही बरा झाला. मधला मोठा भाग मात्र साफ पडला. कोणी खोकलं, कोणी घड्याळ बघितलं. आवाजाच्या टेबलाशी बसलेल्या नवऱ्याने मान खाली घातली. ती घाई न करता, एकही वाक्य न गाळता त्या शांततेतून पुढे गेली. तोंडघशी पडायचंच असेल तर निदान स्वतःच्या विनोदावर पडावं, असं तिने ठरवूनच टाकलं होतं.

लोक गेल्यावर मालक हळूच म्हणाला, “मधलं जरा... ते काढून टाका ना. दहा-बारा मिनिटं फार छान आहेत तुमची. तेवढीच ठेवा.”

“काढणार नाही,” तिने पाण्याचा घोट घेतला, उजव्या कोपऱ्यातून ओघळलेलं मनगटाने पुसलं. “ते उभं करणार. पुढच्या मंगळवारी परत पडलं तर त्याच्या पुढच्या मंगळवारी. तुम्ही फक्त कुलूप काढून ठेवा.”